वाऱ्यातले वाटेकरी

डेन्मार्क म्हटले की आपल्याकडच्या शेतकऱ्याला दूध आणि लोणी आठवते. सहकाराची व्याख्याने ऐकलेल्या जुन्या मंडळींना आणखी एक गोष्ट आठवेल. १८८२ साली त्या देशातल्या येडिंग नावाच्या खेड्यात शेतकऱ्यांनी एकत्र येऊन पहिली सहकारी डेअरी काढली. नियम असा की दावणीला एक गाय असो की पन्नास, सभासदाला मत एकच. आज तुम्हाला त्याच देशात नेतो आहे, पण गोठे दाखवायला नव्हे. तिथल्या शेतकऱ्यांनी दुधानंतर वाऱ्याचेही भाग कसे पाडून घेतले, ते दाखवायला.

जायचे आहे साम्सो नावाच्या बेटावर. डेन्मार्कच्या मुख्य भूमीला युटलंड म्हणतात. तिच्या पूर्व किनाऱ्यावर हौ नावाचे लहानसे बंदर आहे, तिथून बोट धरायची. तासाभराचा प्रवास. बेट लांबीला सुमारे २६ किलोमीटर, क्षेत्रफळ ११४ चौरस किलोमीटर आणि वस्ती चार हजारांच्या आत. आपल्याकडच्या एखाद्या बाजाराच्या गावातही याहून जास्त माणसे भरतील.

बोटीतून उतरून रस्त्याला लागलात की दोन्ही अंगांना शेतेच शेते. बटाटा, स्ट्रॉबेरी, कोबी, भोपळा, गहू. साम्सोचा पहिला नवा बटाटा उन्हाळ्याच्या तोंडाशी कोपनहेगनच्या बाजारात जातो, तेव्हा आपल्या देवगडच्या पहिल्या पेटीसारखे त्याचे कौतुक होते. रस्त्याच्या कडेला शेतकऱ्यांनी लाकडी फळ्या मांडलेल्या दिसतील. त्यावर बटाट्याच्या पिशव्या, भाजी, मुरंब्याच्या बाटल्या आणि शेजारी एक पैशाचा डबा. विकणारा कोणीच नाही. हव्या त्या वस्तू घ्याव्यात, पैसे टाकावेत आणि पुढे जावे.

उत्तरेला नॉर्दबी नावाचे खेडे आहे. लाकडी चौकटींच्या भिंतींची जुनी घरे, मध्ये तळे आणि एक सुटा घंटेचा मनोरा. देऊळ गावापासून दूर, तिथली घंटा गावात ऐकू येईना, म्हणून लोकांनी घंटेसाठी वेगळा मनोरा बांधला. जवळच बेटावरची सर्वांत उंच टेकडी आहे. उंची ६४ मीटर. आपल्या मावळ्यांना हसू येईल, पण त्या सपाट मुलखात तेवढ्या उंचीवरूनही चौफेर समुद्र दिसतो.

दक्षिणेकडे वळलात की पांढऱ्या पवनचक्क्या दिसू लागतात. बेटाच्या जमिनीवर अशा ११ चक्क्या २००० साली उभ्या राहिल्या. प्रत्येक एक मेगावॅटची, मनोरा सुमारे ५० मीटर उंच, पाते २७ मीटरचे. जवळ उभे राहून ऐकलेत तर कोणी मोठे सूप संथपणे पाखडते आहे असे वाटेल. खाली गहू किंवा बटाटा असतो. मनोऱ्याचा पाया आणि तिथवर जाणारी वाट एवढीच काय ती जमीन अडते, बाकी नांगर चक्कीच्या पायथ्यापर्यंत चालतो.

आता तुम्ही विचाराल, पवनचक्क्या तर आमच्या साताऱ्याच्या वनकुसवडे पठारावर आहेत, धुळ्याच्या साक्री तालुक्यातही आहेत. मग इतक्या दूर कशाला आलो? या चक्क्या कोणाच्या आहेत, ते कळले की उत्तर मिळेल. पण आधी थोडे मागे जाऊ.

१९७३ साली अरब देशांनी तेलाचा नळ आवळला. त्या वेळी डेन्मार्कच्या एकूण ऊर्जेपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बाहेरून आणलेल्या तेलाची होती. थंडी इतकी की घर तापवल्याशिवाय राहता येत नाही, आणि घरोघरी ते काम तेलावर चाले. सरकारने नोव्हेंबर १९७३ पासून रविवारी मोटारी चालवायला बंदी घातली. मोकळ्या हमरस्त्यांवर लोक सायकली घेऊन निघाले, कोणी घोडागाडी काढली. लोकांनी मजा केली खरी, पण धडा घेतला.

१९७६ साली देशाची पहिली ऊर्जा योजना निघाली. इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. ती योजना आजच्या अर्थाने स्वच्छ नव्हती. तेलावरून सुटायचे, एवढाच तिचा ध्यास. म्हणून वीजकेंद्रे कोळशावर नेली, नैसर्गिक वायू आणायचे ठरले आणि अणुवीज केंद्रेही कागदावर आली. घरांच्या भिंती-छपरांतून उष्णता निसटू नये म्हणून बंदोबस्त सुरू झाला, तेवढे मात्र पहिल्यापासून चांगले झाले. अणुविजेवर गावोगाव वाद झाले, सभा झाल्या, आणि अखेर १९८५ साली तिथल्या संसदेने अणुकेंद्रे योजनेतून काढून टाकली.

मग वारा कुठून आला? तो मंत्रालयातून आलाच नाही. तो आला सुतार-लोहारांच्या पडवीतून. वाऱ्यावर वीज करण्याचा नाद त्या देशाला जुना आहे. पाउल ला कूर नावाच्या शिक्षकाने १८९१ साली अस्कोव येथील शाळेत वीज करणारी चक्की उभारली होती. योहान्नेस यूल या तंत्रज्ञाची गेडसर येथील २०० किलोवॅटची चक्की १९५७ साली सुरू झाली आणि कित्येक वर्षे बिनतक्रार चालली. तेल महागले तेव्हा हे जुने ज्ञान लोकांनी माळ्यावरून खाली काढले. रीसेअर नावाच्या एका सुताराने लाकडी पाती आणि मालमोटारीचे जुने भाग जोडून चक्की केली आणि तिची वीज सरळ तारांत सोडली. तविंद येथे शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून १९७५ ते १९७८ या तीन वर्षांत दोन मेगावॅटची प्रचंड चक्की स्वतःच्या हातांनी बांधली.

ज्यांनी पुढे चक्क्यांचे कारखाने काढले, ती मंडळीही आपल्या ओळखीच्या धंद्यातली. एक शेतीची अवजारे आणि दूध थंड करण्याची यंत्रे करणारे, दुसरे तुषार सिंचनाचे पंप आणि नळ बनवणारे, तिसरे टाक्या जोडणारे. साम्सोच्या शेतांतल्या चक्क्या या दुसऱ्या घराण्यातल्या. पिकाला पाणी देणाऱ्यांनीच पुढे वारा पकडला म्हणा ना!

सरकारने एवढे केले की १९७९ पासून चक्कीच्या किमतीच्या तीस टक्के रक्कम द्यायला सुरुवात केली. चक्क्या स्वस्त आणि पक्क्या होत गेल्या तसे हे अनुदान उतरवत १९८९ साली बंद केले. वीज विकत घेण्याचे बंधनही वीज मंडळ्यांवर आले. शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून भाग काढायचे, एक चक्की घ्यायची आणि वीज विकून आलेले पैसे वाटून घ्यायचे, अशी रीत पडली. डेअरीसारखीच. गंमत म्हणजे डेअरीची सवय होती म्हणूनच ही रीत एवढ्या लवकर रुजली, असे माझे मत आहे. परक्या माणसाला भागीदारी शिकवायला एक पिढी जाते.

१९९० आणि १९९६ साली पुढच्या योजना निघाल्या, आणि आता त्यांत धुराचे प्रमाण किती उतरवायचे याचे आकडेही आले. स्वेन आउकेन हे त्या वेळचे पर्यावरण आणि ऊर्जा खात्याचे मंत्री. दहा वर्षांत एखादे बेट संपूर्णपणे वारा, ऊन आणि शेतमालाच्या काडीकचऱ्यावर चालवता येईल का, याची त्यांच्या खात्याने १९९७ साली स्पर्धा लावली. पाच ठिकाणांनी आराखडे पाठवले आणि साम्सोचा आराखडा पहिला आला. बक्षीस म्हणून रोख रक्कम मात्र काही नव्हती. नुसता मान. पैसा तुमचा तुम्ही उभा करायचा!

साम्सोच्या लोकांना हा मान काही गोड लागला नाही. त्याच सुमारास बेटावरचा कत्तलखाना बंद होऊन शंभराच्या आसपास लोकांचा रोजगार गेला होता. तरुण मुले मुख्य भूमीकडे निघून जात होती. अशा वेळी कोणी सरकारी आराखडा पुढे केला, तर आपल्या गावच्या पारावर काय बोलले जाईल? तेच तिथेही बोलले गेले. चक्क्यांनी देखावा बिघडेल, आवाज होईल, आणि फायदा कोणा भलत्याचाच होईल.

हे काम ज्यांच्या गळ्यात पडले ते सोरेन हेर्मानसेन याच बेटावरच्या शेतकऱ्याचे चिरंजीव, शाळेत पर्यावरण शिकवणारे. गावात ज्याचा शब्द मानला जातो त्याच्याकडे ते आधी जात. घरातल्या शेगड्यांची कामे करणारे लोहार-नळजोडारी त्यांनी लवकर आपल्या बाजूला घेतले, कारण नव्या कामात पहिली मजुरी त्यांनाच मिळणार होती. सभा तर किती झाल्या त्याला गणती नाही. सभेत कॉफी असे, कधी बिअरही असे. पृथ्वी वाचवा म्हणून भाषणे ठोकून लोक उठून येत नाहीत, हे त्यांना पक्के ठाऊक होते. माझ्या घराला, माझ्या शेताला, माझ्या पोराला यात काय, या प्रश्नाचे उत्तर ते घेऊन जात. पुढे २००८ साली अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकाने पर्यावरणासाठी झटणाऱ्यांत त्यांचा गौरव केला.

आणि आता मालकी. जमिनीवरच्या ११ चक्क्यांपैकी ९ चक्क्या एकेकट्या शेतकऱ्यांनी कर्ज काढून घेतल्या. उरलेल्या दोन सहकारी, त्यांचे सुमारे साडेचारशे भागधारक. कोणाचा एक भाग, कोणाचे दहा. शाळेतला शिक्षक, दुकानदार, पेन्शनवर बसलेली आजी, सगळेच त्यात. विजेला काही वर्षे ठरलेला दर मिळेल अशी हमी होती, म्हणून बँकेनेही पैसा दिला. घातलेली रक्कम साधारण आठ-दहा वर्षांत परत यावी असा हिशेब होता. चक्की बांधावर नको म्हणणारा शेजारी तिचा भागधारक झाला, की त्याला तीच चक्की फिरताना बरी दिसते. वारा पडला की तोच चिंतेने वर बघतो!

या ११ चक्क्यांनी बेटाच्या विजेची गरज भागली. पण मोटारी, ट्रॅक्टर आणि बोटी तेलावरच होत्या, त्या एका रात्रीत बदलणार नव्हत्या. म्हणून दक्षिणेला भर समुद्रात आणखी १० चक्क्या रोवल्या, प्रत्येकी २.३ मेगावॅटच्या. त्या २००३ पासून चालू झाल्या. त्यांची वीज समुद्राखालच्या तारेने मुख्य भूमीला जाते, आणि तेल जाळल्याची जणू ती भरपाई. यांतल्या पाच नगरपालिकेने घेतल्या, तीन खासगी गुंतवणूकदारांनी आणि दोन लहान भागधारकांनी. विजेच्या धंद्यात नगरपालिकेने नफा खायचा नाही असा कायदा, म्हणून तिचा पैसा पुन्हा ऊर्जेच्याच कामांत घालावा लागे.

भरपाईचा हा हिशेब ऐकून काहींनी नाके मुरडली. तेल जाळायचे ते जाळायचेच आणि वर स्वतःला स्वच्छ म्हणवायचे, हे कसे? टीका अगदीच खोटी नाही, आणि बेटावरचे लोकही ती नाकारत नाहीत. विजेच्या मोटारी तिथे पुढे आल्या. २०१५ पासून बेटाची नवी बोट नैसर्गिक वायूवर चालू लागली. तिला बेटावरच तयार केलेला गोबरगॅस पुरवावा हा मूळचा विचार. सन २०३० पर्यंत तेल आणि कोळसा पूर्ण सोडायचा असा नवा संकल्प त्यांनी केला.

चक्क्या लांबून दिसतात म्हणून सगळे त्यांचेच फोटो काढतात. माझ्या मते शेतकऱ्याने पाहावी अशी खरी वस्तू वेगळीच आहे, आणि ती एका साध्या पत्र्याच्या शेडमध्ये आहे. बालेन आणि ब्रुंडबी या दोन गावांच्या मध्ये जा, किंवा ओन्सबियर्ग गावात जा. शेडमध्ये गव्हाच्या काडाचे मोठमोठे चौकोनी गठ्ठे रचलेले असतात. यंत्राने एकेक गठ्ठा भट्टीत सरकतो. भट्टीवर पाणी तापते, आणि ते गरम पाणी जमिनीखाली पुरलेल्या, भोवती जाड आवरण घातलेल्या नळांतून गावातल्या घराघरांत फिरून येते. आपल्या न्हाणीघरातला बंब आठवा. सगळ्या गावाला मिळून एकच बंब, असे समजा! घरोघरचे तेलाचे बंब त्यामुळे निघाले. काड बेटावरच्याच शेतांतले, त्याचे पैसे बेटावरच्याच शेतकऱ्याला. पूर्वी याच उष्णतेचे पैसे तेलाच्या रूपाने समुद्रापार जात. भट्टीतली राख पुन्हा शेतात टाकतात.

नॉर्दबी आणि मॉरुप या गावांसाठी लाकडाच्या ढलप्यांची भट्टी आहे, आणि जोडीला सुमारे २,५०० चौरस मीटर सूर्यतापकांचा मांडव. उन्हाळ्यात तेवढ्यावरच पाणी तापते. मांडवाखालचे गवत वाढू नये म्हणून तिथे मेंढ्या सोडतात, हे पाहून आपल्या धनगर बांधवांना बरे वाटेल. जे लोक नळ पुरण्याआधी नाव नोंदवतील त्यांना जोडणी नाममात्र शुल्कात, मागाहून येणाऱ्याला जास्त, असा नियम केला होता. ज्यांची घरे दूर शेतांत, त्यांनी आपापल्या भट्ट्या आणि तापक बसवले.

उष्णता वाया जाऊ द्यायची नाही, ही सवय त्या देशात गोठ्यापर्यंत पोहोचली आहे. नुकते काढलेले दूध कोमट असते आणि ते लगेच थंड करावे लागते. तेव्हा त्यातून निघणारी ऊब अनेक गोठ्यांत पाणी तापवायला घेतात. साम्सोवर कोणी मोहरीच्या जातीच्या रेपबियांचे तेल गाळून ट्रॅक्टर चालवून पाहिला, पेंड गाईंना घातली. घाण्याचे तेल आणि पेंड हा हिशेब आपल्याला कोणी शिकवायला नको.

देशभरात काय झाले तेही थोडक्यात सांगतो. डेन्मार्कच्या एकूण विजेपैकी निम्म्याहून अधिक वीज आता वाऱ्याची आहे. गुरा-डुकरांच्या शेणमुतापासून केलेला वायू तिथल्या गॅसच्या नळांतून जाणाऱ्या एकूण वायूच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त भरतो. उत्तर समुद्रात त्यांच्या स्वतःच्या तेलविहिरी आहेत, तरी २०५० पर्यंत तेल काढणे थांबवायचे असे त्यांनी २०२० साली ठरवले.

सगळे सुरळीत आहे असे मात्र समजू नका. समुद्रातल्या मोठ्या चक्क्यांसाठी सरकारने मागवलेल्या निविदांची मुदत डिसेंबर २०२४ मध्ये संपली, तर एकही कंपनी पुढे आली नाही. अनुदान शून्य आणि खर्च फार, म्हणून सगळ्यांनी हात आखडता घेतला. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये संसदेत एक करार मंजूर झाला, तो प्रत्येक गोठेवाल्याने वाचावा असा आहे. गुरे आणि डुकरे यांच्यापासून निघणाऱ्या वायूंवर २०३० पासून कर बसणार आहे. दर टनामागे ३०० क्रोनर, पुढे २०३५ साली ७५०. सूट धरली की प्रत्यक्ष भार बराच कमी होतो, पण गाईवर कर ही कल्पनाच जगात नवी. काही शेतजमीन वने आणि पाणथळीसाठी सोडायचे ठरले आहे. कराराच्या वाटाघाटींत शेतकऱ्यांच्या संघटनाही बसल्या होत्या, तरी शेतकऱ्यांत नाराजी आहेच. काही अंशी ती मला रास्त वाटते. चक्कीचा भाग घेतला तेव्हा स्वच्छ ऊर्जा त्यांच्या खिशात पैसे घालत होती, आता त्याच खिशातून काढणार.

आता परतीच्या बोटीची वेळ होत आली. बालेनच्या धक्क्यावर बसून समुद्रातल्या चक्क्यांकडे पाहत असताना मनात आपलेच गाव येते. आपल्याकडे वनकुसवड्याला काय, साक्रीला काय, डोंगरावर चक्क्या फिरतात. त्यांतल्या बहुतेक कंपन्यांच्या आणि दूरच्या गुंतवणूकदारांच्या. गावाला मिळाले ते जमिनीचे पैसे, रखवालदाराची नोकरी आणि पात्यांचा आवाज. आता सौर विजेची पाळी आहे. रात्री-बेरात्री मोटार चालू करायला जाताना साप आणि बिबट्याची भीती ज्यांना ठाऊक आहे, त्यांना दिवसा वीज म्हणजे काय ते सांगायला नको. २०१७ सालच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतू तोच. २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा निघाला, त्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि दरसाल तीन टक्के वाढ ठरली. पडीक माळाला एवढे पैसे म्हणजे वाईट नाही. अडचणीतल्या घराला तर तो आधारच.

पण भाडे वेगळे आणि भाग वेगळा. भाडे ठरलेल्या आकड्यावर थांबते. भाग घेतला की तोट्यातही वाटा येतो, कर्जाचा हप्ताही येतो, म्हणून तो सगळ्यांना झेपणार नाही हे मी जाणतो. तरी २०१९ साली निघालेल्या केंद्राच्या कुसुम योजनेत शेतकऱ्याला, शेतकऱ्यांच्या गटाला, सहकारी संस्थेला आणि पंचायतीला स्वतःच्या जमिनीवर ५०० किलोवॅटपासून दोन मेगावॅटपर्यंतचा प्रकल्प काढून वीज विकण्याची सोय ठेवली होती. ती किती गावांच्या ग्रामसभेत वाचून दाखवली गेली? ज्या प्रवरानगरच्या माळावर शेतकऱ्यांनी भाग गोळा करून साखर कारखाना उभा केला, त्या मुलखाला भाग म्हणजे काय ते परदेशातून शिकायची गरज नाही. तेव्हा पुढच्या वेळी कोणी पाटी-कागद घेऊन तुमच्या माळावर मोजणीला आला, तर भाड्याचा आकडा विचारून झाल्यावर भागाचेही विचारा. तो काय उत्तर देतो ते ऐकून मग सही करा.

बोटीला अजून अर्धा तास आहे. धक्क्याकडे निघण्याआधी रस्त्यावरच्या एखाद्या फळीवरून बटाट्यांची पिशवी उचला. पैसे तेवढे डब्यात टाका, बघायला कोणी नसले तरी.